हौद गप्प होईपर्यंत

मी एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी झाले. तेही डब्लिनच्या अशा जुन्या विद्यापीठात, की ज्याच्या फाटकाला हात लावण्याआधी हात ओढणीला पुसून घ्यावेत असं मला वाटलं होतं. माझं माहेर इचलकरंजीचं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते तिथल्या एका मिलमध्ये कापड धुण्या-रंगवण्याच्या खात्यात चाळीस वर्षं होते, त्यातली शेवटची वीस मास्तर, म्हणजे खातेप्रमुख म्हणून. मी पुण्याला केमिस्ट्री शिकले, लॅबमध्ये नोकरी केली. मग नवऱ्याला आयर्लंडमध्ये वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात काम मिळालं आणि मी आठ वर्षं तिथल्या मलिंगार गावात पोळ्या लाटत आणि मुलीला शाळेत सोडत-आणत बसले. बसले म्हणजे चिडचिड करत बसले. माझा स्वभाव मुळात तापट, त्यात रिकामपण आलं की तो आणखी नासतो.

२०२०च्या सुरुवातीला मी कुणालाही न सांगता अर्ज केला. विज्ञानाचा इतिहास, एक वर्षाचा मास्टर्स. प्रवेश मिळाल्याचं पत्र दाखवलं तेव्हा नवरा म्हणाला, "इतिहास? तू?"

"हो, मी. केमिस्ट्रीचा इतिहास केमिस्टनं नाही वाचायचा तर कुणी वाचायचा?"

त्यावर त्यानं उठून चहा टाकला. शहाणा माणूस आहे.

विषय माझ्या डोक्यात पक्का होता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात अठराव्या शतकातली एक हस्तलिखित वही आहे. आयर्लंडच्या उत्तरेकडच्या एका कापड धुणाऱ्याची. लिननचं मळकट कोरं कापड पांढरंशुभ्र करणं हा त्याचा धंदा. त्या काळी हे लोक कापड राखेच्या पाण्यात उकळायचे, आठवडेच्या आठवडे गवतावर पसरून ठेवायचे आणि मधूनमधून चक्क ताकात भिजत घालायचे. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले होते. आपण ज्याची कढी करतो त्यात हे लोक चादरी बुडवत होते. ग्रंथालयाच्या सूचीत या वहीबद्दल फक्त चार ओळी होत्या, त्यातली शेवटची अशी, की 'अखेरीस किरकोळ टिपणं'. बाकी ती कुणी नीट वाचल्याचं दिसत नव्हतं.

सप्टेंबरात वर्ग सुरू झाले ते कोविडमुळे लॅपटॉपवरच. माझे गाईड साठीचे, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. मला ते वर्षभर छातीपासून वरच दिसले. त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितलं, "विषय सुंदर आहे, पण वहीत ऐवज किती आहे हे कुणालाच माहीत नाही. फेब्रुवारीअखेर मला दाखवा की यात प्रबंध उभा राहतो. नाहीतर ऑनलाइन सगळं मिळतं असा दुसरा विषय घ्यावा लागेल." आणि त्यांनी यादी पाठवली. यादीत सगळी मोठ्या शास्त्रज्ञांची पत्रं. मी ती वाचली आणि मनाशी ठरवलं, हातानं काम करणाऱ्या माणसाची ही वही मिळाली तर मी शिकेन, नाहीतर सोडून देईन. नवऱ्याला तसं सांगितलंही. मी बोलते ते करते हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

दुर्मीळ पुस्तकांच्या वाचनकक्षात तेव्हा एका वेळी चारच माणसं घेत. तीन तासांची वेळ आधी मागून घ्यायची. मला ऑक्टोबरात वेळ मिळाली आणि दोनच दिवस आधी सरकारनं जाहीर केलं की देश पुन्हा बंद होणार. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. माझी वेळ बंदच्या आदल्या दिवशी सकाळची होती. म्हणजे हातात फक्त तीन तास, पुढचं काही सांगता येत नव्हतं. आगगाडीत मी माझ्या डब्यात एकटी होते. कालव्याच्या कडेनं गाडी चालली होती आणि मी मास्कच्या आत प्रश्नांची यादी पुटपुटत होते.

फाटकातून आत गेले आणि पाय हळू झाले. एरवी तिथे म्हणे पर्यटकांची रीघ असते. त्या दिवशी तो दगडी चौक पूर्ण रिकामा होता. करड्या दगडांच्या इमारती, घासून गुळगुळीत झालेली गोट्यांची जमीन, मध्ये ओलं हिरवं गवत. चारशे वर्षं इथे माणसं शिकायला येतायत आणि आज त्यांच्यात मी आहे, खांद्याला डबा आणि पाण्याची बाटली अडकवलेली, इचलकरंजीच्या शाळेतून निघालेली मुलगी. मला खरोखर भरून आलं. मी उगाचच मास्क सारखा केला आणि इकडेतिकडे बघितलं. बघायला कुणी नव्हतंच.

जुन्या ग्रंथालयाच्या बाजूनं वाचनकक्षाकडे जाताना एका उघड्या दारातून तिथलं ते प्रसिद्ध लांबलचक दालन दिसलं. जमिनीपासून थेट कमानदार छतापर्यंत पुस्तकं, दोन्ही बाजूंनी, नजर जाईल तिथवर. वरची पुस्तकं काढायला लाकडी शिड्या लावलेल्या. जुनं चामडं, लाकूड आणि थंड धूळ यांचा एक वास येत होता. पुढे चालणाऱ्या ग्रंथपाल बाई थांबल्या. पांढरे आखूड केस, चेहऱ्यासमोर प्लॅस्टिकची काच. त्या म्हणाल्या, "बघा हवं तितकं. आज तुम्हाला कुणी ढकलणार नाही." मी बघितलं. माणसांनी इतकं लिहून ठेवलंय आणि दुसऱ्या माणसांनी ते इतकं जपलंय, या गोष्टीनंच माझी बोलती बंद झाली होती. आणि असं फार क्वचित होतं.

वाचनकक्षात शाईचं पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल. हात धुवायचे, कोरडे करायचे. वही स्पंजच्या उशीवर ठेवून देतात आणि पान धरून ठेवायला कापडात शिवलेली शिशाच्या मण्यांची माळ. बाईंनी ही सगळी रीत मला समजावून सांगितली आणि त्या आपल्या टेबलाकडे वळल्या. वही माझ्यासमोर. हाताच्या पंजापेक्षा थोडी मोठी, तपकिरी चामड्याची, कडेला एक मोठा डाग. त्या माणसाचा ओला अंगठाच असणार तो.

आणि मी काय करावं? दोन्ही हातांनी ती वही उचलली, नमस्कार करताना तोंड झाकलेलं नसावं म्हणून की काय, मास्क खाली ओढला आणि वही कपाळाला लावली.

मी देवभोळी नाही. उपासतापास माझ्याच्यानं होत नाहीत. पण नवरात्र चालू होतं, चार-पाच दिवसांवर खंडेनवमी होती. अण्णा त्या दिवशी मिलमध्ये रंगाच्या हौदांना हळदकुंकू लावायचे आणि घरी आमची वह्यापुस्तकं पाटावर मांडायचे. पुस्तकाला पाय लागला तर पाया पडायचं, नवं पुस्तक हातात आलं तर आधी डोक्याला लावायचं. हे मी करते असंही नाही, ते आपोआप होतं. त्या क्षणी ते झालं.

बाई धावतच आल्या. ओरडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा पडला होता. त्या काळात ग्रंथालयांचा नियम होता: कुणाच्या तोंडाशी, नाकाशी पुस्तक आलं की ते बहात्तर तास वेगळं ठेवायचं, कुणालाही द्यायचं नाही, ज्यानं लावलं त्यालाही नाही. त्यांनी तो अगदी अपराधी आवाजात मला सांगितला. मी म्हटलं, "पण उद्या तुम्ही बंद होताय." त्या म्हणाल्या, "हो." मग त्यांनी वही एका खोक्यात ठेवली, खोक्यावर चिठ्ठी लावली आणि माझ्यासमोर एक कोरा फॉर्म ठेवला. काय घडलं ते लिहून द्यायचं होतं.

काय लिहू? मी पेन्सिलीनं लिहिलं: 'आमच्याकडे विद्येला नमस्कार करतात. सवयीनं झालं. चूक माझी आहे.' बाईंनी ते वाचलं आणि त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांत इथे वह्यांना कॉफी लागलेली पाहिलीय, ओठांचा रंग लागलेला पाहिलाय. हे कधी पाहिलं नव्हतं." पण खोकं काही त्यांनी उघडलं नाही. उघडायला नकोच होतं.

बाहेर येऊन चौकातल्या ओल्या बाकावर बसले आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. इतके महिने जिची वाट पाहिली ती वही अर्धं मिनिट हातात आली आणि मी तिची पूजा करून ती घालवली. तिथूनच अण्णांना फोन लावला. त्यांना सगळं सांगितलं. पलीकडे खोकल्यासारखा आवाज झाला. मला वाटलं, हसतायत.

"पाया पडलीस त्यात काय चुकलं न्हाई," ते म्हणाले. "वही कुटं पळून चाललीय व्हय? तू रडू नको."

"मी रडत नाहीये, अण्णा."

"बरं, न्हाई तर न्हाई. कायतरी खाऊन घे."

डिसेंबरात निर्बंध थोडे सैल झाले, पण वाचनकक्षाच्या वेळा आधी शेवटच्या टप्प्यातल्या पीएचडीवाल्यांना दिल्या गेल्या. तेच बरोबर होतं, तरी मी दोन दिवस घरात भांडी आपटली. नाताळानंतर पुन्हा सगळं बंद. जानेवारी उजाडला, फेब्रुवारी समोर दिसायला लागला आणि माझ्याकडे त्या वहीतली एक ओळही नव्हती. गाईडनी ईमेलमधून मोठ्या माणसांच्या पत्रांची यादी पुन्हा एकदा पाठवली, अगदी सौजन्यानं.

तेव्हा त्या ग्रंथपाल बाईंचा ईमेल आला. आठवड्यातून एक दिवस त्या इमारतीची पाहणी करायला एकट्या जात होत्या. बंदच्या काळात विद्यार्थ्याला कुठल्याही हस्तलिखिताची सहा पानं छायाचित्र काढून पाठवायची परवानगी निघाली होती. सहाच. कोणती हवीत ते कळवा, असं लिहिलं होतं. खाली एक ओळ होती: 'तुमची वही सुखरूप आहे.'

सहा पानं. न पाहिलेल्या वहीतली. मी तो ईमेल उघडते आणि मिटते, असं तीन दिवस चाललं. पहिली सहा मागावीत की मधली? चुकलं की संपलं. शेवटी रविवारी दुपारी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, अण्णांना विचारलं, "तुम्ही मिलमध्ये वही ठेवायचा ना? तुमची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठल्या पानावर असायची?"

ते क्षणभरसुद्धा थांबले नाहीत. "मागं."

"मागं म्हणजे?"

"वही उलटी करायची आन् मागनं लिवायचं. पुढची पानं मालकानं बघायची असत्यात. तिथं चांगल्या अक्षरात काय काय घातलं, किती उकळलं, ते समदं. खरं काय हाय ते कारागीर मागं लिवतो. सोताला."

मला सूचीतली ती ओळ आठवली. अखेरीस किरकोळ टिपणं. मी त्याच दिवशी बाईंना लिहिलं, शेवटची सहा पानं पाठवा.

चार दिवसांनी छायाचित्रं आली. बाईंनी लिहिलं होतं, 'ही पानं उलटी लिहिलेली आहेत, म्हणून वही फिरवून काढली.' मी लॅपटॉपसमोर खुर्चीच्या कडेवर बसले होते. घाईतलं, तिरकं अक्षर, मध्येच शाई फुटलेली. कोणत्या शेतकऱ्याचं ताक पातळ असतं. कोणत्या कुरणावरचं गवत कापडाला पिवळं करतं. पावसाळी हवेत राखेचं पाणी कसं फसवतं. हा माणूस स्वतःशी बोलत होता आणि अडीचशे वर्षांनी मी ते ऐकत होते. एका पानावर खाली दोनदा रेघ मारलेलं वाक्य होतं: कापड ताकात तोवर राहू द्यावं, जोवर हौद गप्प होत नाही.

गाईडना पानं पाठवली. ते हरखले, पण त्या वाक्याशी अडले. म्हणाले, ही त्या माणसाची बोलण्याची लकब असावी, यात नक्की प्रक्रिया सांगता येत नाही. केमिस्ट म्हणून मलाही सांगता येईना. आम्ल किती, तापमान किती, दिवस किती, काहीच नाही. मी अण्णांना ते वाक्य मराठीत वाचून दाखवलं.

"आता यात न कळण्यासारकं काय हाय?" ते म्हणाले. "कोऱ्या कापडाला विणताना लावलेली खळ काढायला आमी ते हौदात भिजत घालायचो. आंबतंय ना ते. बुडबुडं येत्यात, बारीक आवाज येतो, चुर्रर करून. हौदाच्या काठाला कान लावायचा. आवाज थांबला की लगीच काढायचं. त्या म्होरं एक दिवस जरी ऱ्हायलं तरी कापड सडतंय. हे मला कुनी शिकवलं न्हाई बघ. एकदा शंभर वार कापड सडवलं तवा कळलं."

त्या माणसानं वाक्याखाली दोनदा रेघ मारली होती. त्यानंही सडवलं असणार.

पण अण्णा म्हणाले म्हणून प्रबंधात लिहून भागत नाही. करून बघायला हवं होतं. ताक इथल्या सुपरमार्केटात डब्यात मिळतं, लोक सोडा ब्रेड करायला नेतात. मी सहा डबे आणले. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंकडून जुन्या कोऱ्या लिननचा तुकडा मिळवला. राखेऐवजी धुण्याच्या सोड्यात तो उकळला आणि ताकाच्या बादलीत बुडवून बादली हॉट प्रेसमध्ये ठेवली. हॉट प्रेस म्हणजे इथल्या घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती कपडे वाळवायचं कपाट असतं ते. दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला वास. नवरा ऑफिसच्या मीटिंगमधून उठून आला आणि नाक धरून म्हणाला, "हे किती दिवस?" मी म्हटलं, "गप्प होईपर्यंत." तो म्हणाला, "कोण, बादली की तू?"

मुलीनं मात्र कपाटात डोकं घातलं आणि आपल्या आयरिश इंग्रजीत जाहीर केलं की बादली कुजबुजतेय. मी गुडघ्यावर बसले, कान लावला. खरंच होतं. अगदी बारीक, सतत, जिवंत आवाज. मलिंगारच्या भाड्याच्या घरात मी कपाटात डोकं घालून बसले होते आणि मला एकाच वेळी तो धुणारा दिसत होता आणि मिलमधल्या हौदाशी वाकलेले अण्णा दिसत होते. दोघांनी एकमेकांचा देश कधी पाहिला नाही. दोघांनी तेच ऐकलं.

पाचव्या दिवशी सकाळी बादली गप्प झाली. अर्धा तुकडा मी तेव्हाच काढला, अर्धा आणखी दोन दिवस ठेवला. पहिला धुऊन वाळवला, तो चांगला उजळला होता आणि ओढून फाटेना. दुसरा बोटांनी फाटला. दोन्हींचे फोटो काढून गाईडना पाठवले. फेब्रुवारीचे चार दिवस उरले होते. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: 'विषय तुमचा. लिहा.'

प्रबंध ऑगस्टमध्ये दिला. त्याआधी उन्हाळ्यात वाचनकक्ष उघडला तेव्हा दोनदा जाऊन अख्खी वही वाचली. पुढची पानं अण्णा म्हणाले तशीच निघाली, स्वच्छ अक्षरातली, मालकाला दाखवायची. शरद ऋतूत निकाल लागला. परीक्षकांनी हौदाच्या प्रकरणाची मुद्दाम तारीफ केली होती. मी पास झाले. चांगलीच पास झाले.

त्या दिवशी अण्णांना व्हिडिओवर घेतलं. सांगितलं की एका तळटिपेत तुमचं नाव आहे. पूर्ण नाव, गाव, कापड धुण्या-रंगवण्याच्या खात्याचे मास्तर, चाळीस वर्षांची नोकरी. हौदाचं कुणी सांगितलं ते तिथे लिहिलंय. प्रबंधाची एक प्रत विद्यापीठाच्या संग्रहात कायमची राहणार.

ते चष्मा पुसत बसले. मग विचारलं, "कुनी मागितली तर देऊन टाकत्यात काय?"

"वाचायला देतात. तिथेच बसून वाचायची."

"न्यायला?"

"नाही. बाहेर कुणालाच नेता येत नाही."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला कधीच माहीत नव्हतं. रिटायर झाले त्या दिवशी मालकाच्या मुलानं त्यांची वही मागून घेतली होती, उद्या झेरॉक्स काढून परत देतो म्हणून. अण्णा दोनदा मागायला गेले. तिसऱ्यांदा गेले नाहीत. चाळीस वर्षांचं त्यांनी मागच्या पानांवर लिहिलेलं सगळं गेलं. घरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगून काय उपयोग होता.

मला संताप अनावर झाला. त्यांना मात्र त्याचं काही नव्हतं. ते स्क्रीनच्या अगदी जवळ आले, अर्धा चेहराच दिसत होता.

"ती टीप वाच की," ते म्हणाले.

"इंग्रजीत आहे, अण्णा."

"असू दे. वाच."

मी वाचली. एवढीशी टीप, दोन ओळींत संपली.

"परत वाच," ते म्हणाले. "जरा सावकाश."